आजीने शिवलेले चोवीस बटवे

आज आवाज थोडा बसलाय, इकडे स्टुटगार्टला थंडी मरणाची आहे. सांभाळून घ्या.

मागच्या नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. माझा मुलगा पहिलीत. शाळेतून आला आणि दप्तरही न काढता म्हणाला, "आई, सगळ्यांकडे आडव्हेंट्सकालेंडर आहे. आपल्याकडे का नाही?"

माहीत नसेल तर सांगते. 1 ते 24 डिसेंबर, रोज एक खिडकी उघडायची. आत चॉकलेट किंवा असंच काहीतरी छोटंसं. जर्मनीत भेटवस्तू 24 च्या संध्याकाळीच उघडतात, म्हणून मोजणीही तिथेच संपते. दुकानात ढिगाने मिळतात. पण मला वाटलं, घरीच करू.

माझी आई तेव्हा साताऱ्याहून आलेली. 90 दिवसांचा व्हिसा, 20 डिसेंबरचं परतीचं तिकीट. ती म्हणाली, "आपला सण नाही, मग हा उद्योग कशाला?"

मी तिला गेरहार्ड लांगची गोष्ट सांगितली. हा म्हणजे छापील कॅलेंडरं लोकप्रिय करणारा म्युनिकचा प्रकाशक, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. पण तो मूळचा आमच्या इकडचा, माउलब्रोनचा. तो लहान असताना रोज विचारायचा, ख्रिसमसला किती दिवस राहिले? म्हणून त्याच्या आईने पुठ्ठ्यावर 24 छोट्या गोड बिस्किटा शिवून लावल्या. रोज एक खायची. असं सांगतात.

"शिवून?" आई म्हणाली आणि सुई शोधायला उठली.

लोणच्याची बरणी ज्यात गुंडाळून आणली होती, ती जुनी सुती साडी तिने फाडली. तळहाताएवढे 24 बटवे, साधा धावदोरा, तोंडाशी नाडी. मुलाने पुठ्ठ्याच्या चकत्या कापून आकडे लिहिले. खिडकीत सुतळी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी बटवे लावले. आकडे मुद्दाम उलटसुलट लावा हं, शोधण्यात अर्धी मजा असते. आणि साडी दोनदा धुवा! आम्ही एकदाच धुतली, तर पहिल्या आठवड्यातल्या चॉकलेटला कैरीच्या लोणच्याचा वास.

सगळ्यात चाल्ल्या त्या चिठ्ठ्या. 'आज गोष्ट दोनदा.' 'आजीबरोबर पत्त्यांचे तीन डाव.' फुकटात काम! आजी रोज हरायची, आणि खरंच हरायची.

मग 18 तारीख आली आणि त्याने बटवा उघडलाच नाही. आम्हाला वाटलं विसरला. रात्री अंथरुणात म्हणाला, "18 उघडला नाही तर 20 येणार नाही."

मला काही सुचेना. सगळी मुलं ज्या दिवसाची वाट बघत होती, त्याच्या चार दिवस आधी त्याची आजी जाणार होती, आणि ते मोजायचं यंत्र आम्हीच हौसेने खिडकीत टांगलं होतं.

आईने त्याला समजावलं वगैरे काही नाही. सकाळी तिने 21 ते 24 चे बटवे खाली काढले, आतलं माझं चॉकलेट बाहेर काढलं, स्वतःचं काहीतरी भरलं आणि तोंडं चक्क शिवून टाकली. म्हणाली, "हे मी गेल्यावर उसवायचे. आधी हात लावलास तर बघ."

तो दोन दिवस बटवे चाचपत बसला. 18 आणि 19 एकदमच उघडले.

20 ला विमानतळावर रडला, मीही रडले. 21 ला सकाळी कात्री घेऊन हजर. आत चिक्कीचा तुकडा. 22 ला आजीच्या ब्लाउजचं बटण, का ते आजतागायत कळलं नाही. 23 ला पत्त्यांतला बदाम राजा. म्हणजे कॅट अपुरा करून गेली बाई!

24 ला संध्याकाळी, शेजारच्या घरांतून गाणी ऐकू येत होती, तेव्हा त्याने शेवटचा उसवला. दहा रुपयांची घडी घातलेली नोट. सोबत चिठ्ठी, मराठीत. त्याला वाचता येईना, मी वाचून दाखवली: 'इथे चालत नाही. साताऱ्याला आलास की खर्च कर.'

त्याने नोट उलटसुलट करून बघितली. मग विचारलं, "साताऱ्याला जायला किती बटवे?"

शाळेला मोठी सुट्टी जुलैच्या अखेरीस. मी मोजले. दोनशेच्या वर.

"मग साडी पुरेल का?"