ईयोबाची फिर्याद



घरातला तरणाताठा मुलगा जातो. समाचाराला आलेल्यांपैकी कोणीतरी हळूच म्हणतो, 'मागच्या जन्मीचे काहीतरी असणार.' बोलणारा मनुष्य दुष्ट नसतो. त्याला फक्त जगाचा हिशेब जुळवायचा असतो. प्राचीन इब्री लोकांना हा हिशेब जुळवणे आपल्याहून कठीण होते. त्यांच्या जुन्या धर्मविचारात पूर्वजन्म नव्हता. आणि मेल्यावर सज्जन काय, दुर्जन काय, सर्वांनाच 'शिओल' नावाच्या अंधाऱ्या अधोलोकात जायचे होते. तेव्हा न्याय व्हायचा तो याच जन्मी, याच देही. धार्मिकाची भरभराट होते आणि दुष्ट लयाला जातो, असे त्यांची नीतिसूत्रे सांगत. या शिकवणुकीला त्यांच्याच धर्मग्रंथांत एका अज्ञात कवीने आव्हान दिले. तो ग्रंथ म्हणजे 'ईयोब'.

ईयोब निर्दोष होता, हे ग्रंथकार अगदी आरंभीच सांगून टाकतो. पळवाटच ठेवीत नाही. सात हजार मेंढरे, तीन हजार उंट, सात मुलगे, तीन मुली असा त्याचा संसार. देवाच्या दरबारात 'सातान' शंका काढतो, की ही भक्ती भरल्या घराची आहे. (हा सातान म्हणजे पुढच्या काळातला पापाचा राजा नव्हे, येथे ते पदाचे नाव आहे, आरोप ठेवणारा एवढाच त्याचा अर्थ.) देव परीक्षेला अनुमती देतो. एका दिवसात गुरेढोरे जातात, दहाही मुले जातात. मग सर्वांगाला फोड येतात आणि ईयोब राखेत बसून खापरीने अंग खाजवतो.

अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र भेटीला येतात. सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात. एक शब्द बोलत नाहीत. माझ्या मते त्यांनी केलेले उत्तम सांत्वन तेवढेच! पुढे ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि मग त्यांना राहवत नाही. बिल्दद मेलेल्या मुलांवर घसरतो: त्यांनीच पाप केले असेल. अलीफज आरंभी सौम्य असतो. पण ईयोब कबूल होत नाही असे पाहून शेवटी आरोपांची यादीच वाचतो, की तू गरिबांची वस्त्रे गहाण ठेवून घेतलीस, तहानेल्याला पाणी नाकारलेस, विधवांना रिकाम्या हातांनी घालवलेस. यातले काहीही घडलेले नाही. सिद्धांत वाचवायचा तर पुरावा बनवावा लागतो, तो असा.

ईयोब काही नास्तिक होत नाही. त्याला देवाशी न्यायासनापुढे उभे राहायचे आहे. तो एकेका पापाचे नाव घेऊन शपथ वाहतो, कैफियतीवर जणू सही करतो आणि प्रतिपक्षाने आरोपपत्र लिहून द्यावे अशी मागणी करतो.

देव वावटळीतून बोलतो खरा. पण काय बोलतो? पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास, असे विचारतो. रानगाढव, शहामृग, निर्मनुष्य रानात पडणारा पाऊस यांविषयी बोलतो. फोडांविषयी, मुलांविषयी, दरबारातल्या त्या परीक्षेविषयी चकार शब्द नाही. हे वाचून माझे समाधान होत नाही, हे मी लपवीत नाही. ईयोबाचे झाले की नाही, हेही निश्चित सांगवत नाही. कारण त्याच्या अखेरच्या उद्गारातल्या इब्री क्रियापदाचे 'पश्चात्ताप पावणे' आणि 'सांत्वन पावणे' असे दोन्ही अर्थ होतात.

परंतु निकाल लागतो. देव मित्रांवर कोपतो, देवाची बाजू घेणाऱ्यांवरच! माझ्याविषयी योग्य बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे, असे त्यांना बजावतो. आता ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, तरच त्यांची सुटका.

पुढे ईयोबाला सारे दुप्पट मिळते: चौदा हजार मेंढरे, सहा हजार उंट. मुले मात्र पुन्हा सात मुलगे आणि तीन मुलीच. या नव्या तिन्ही मुलींची नावे कवी आवर्जून देतो आणि भावांबरोबर त्यांना वारसाहक्क मिळाल्याचेही सांगतो. पहिल्या दहांपैकी एकाचेही नाव ग्रंथात नाही.