गाडीचें चाक केवढें असावें?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस वाटेल कीं, हा प्रश्न मोटारीच्या कारखान्यांत विचारावयाचा, दिवाणखान्यांत बसून ऐकावयाचा नव्हे. परंतु पेणची गणेशमूर्ति ज्यांच्या घरीं येते, त्यांनीं एवढें ध्यानीं घ्यावें कीं, ती मूर्ति कोंकणच्या रस्त्यावरून निघून मुंबई-पुण्यास सुखरूप पोंचते ती बहुधा एखाद्या लहानशा मालमोटारीच्या चाकांवर. त्या चाकांचा विचार आपण अर्धी घटका केला, तर तो अगदींच अस्थानीं होणार नाहीं.

पेण शहर व त्याच्या आसपासचीं हमरापूर, जोहे यांसारखीं गांवें मूर्तिकामासाठीं प्रसिद्ध आहेत. त्या भागांत माझ्या ओळखीचे एक वृद्ध मूर्तिकार राहतात. त्यांच्या पुतण्यानें एक पिकअप गाडी घेतली. पुढें चालक व एक-दोन माणसें बसण्याची जागा आणि मागें मालासाठीं उघडा हौदा, अशी ही गाडी आतां खेड्यापाड्यांतहि सर्वांच्या परिचयाची झाली आहे. आषाढ-श्रावणांत तिनें मूर्ती न्यावयाच्या, आणि उरलेलें वर्ष रोह्याजवळच्या धाटावच्या औद्योगिक वसाहतींतून गोण्या, पिंपें असा माल वाहून पोट भरावयाचें, असा चुलत्या-पुतण्याचा बेत होता. तंटा लागला तो चाकांवरून. पुतण्याचें म्हणणें असें कीं, मूळचीं पंधरा इंची चाकें काढून सतरा इंची चकचकीत चाकें बसवावीं. गाडीला रुबाब येईल आणि खड्डेहि लागणार नाहींत. चुलत्याला हें पटेना. मी शाळेंत पदार्थविज्ञान शिकविलेलें, म्हणून निवाड्यासाठीं मला बोलावणें आलें. म्हातारबोवांनीं एकच प्रश्न केला, "मास्तर, चाक मोठें घेतलें म्हणजे खड्डा लहान होतो काय?"

हा प्रश्न विनोदाचा नव्हता. त्यापूर्वीं एका पावसाळ्यांत, भाड्याच्या गाडींतून नेतांना, त्यांच्या नऊ मूर्ती एका खेपेंत भंगल्या होत्या. भंगलेली मूर्ति विकतां येत नाहीं, तशी ती उकिरड्यावर टाकतांहि येत नाहीं. त्यांनीं त्या नऊ मूर्ती घरीं परत आणून आपल्या हातानें पाण्यांत सोडल्या. पैशाचें नुकसान झालेंच. पण घडविणाऱ्यानेंच आपली मूर्ति सणाआधीं विसर्जित करावी, याचें दुःख त्या नुकसानीहून मोठें होतें.

आतां प्रश्नाकडे वळूं. मोठें चाक खड्ड्यांतून सुलभपणें निघतें, ही गोष्ट आपल्या गांवच्या सुतारांना फार पूर्वींपासून ठाऊक आहे. बैलगाडीचें चाक पुरुषाच्या छातीपर्यंत येई तें उगीच नव्हे. तुंबा, आरे, पुठ्ठे आणि वर लोखंडी धाव, अशा त्या चाकाला स्वतःचा मऊपणा मुळींच नव्हता. म्हणून त्याची सारी भिस्त थोरपणावर होती. पुढें रॉबर्ट विल्यम थॉमसन यानें १८४५ सालीं हवेच्या चाकाचा स्वामित्वाधिकार घेतला, आणि १८८८ सालीं बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यानें तीच कल्पना पुनः शोधून ती व्यवहारांत आणली. तेव्हांपासून चाकाचीं दोन अंगें झालीं. आंत लोखंडाची कडी, जिला आपण रिम किंवा डिस्क म्हणतों, आणि बाहेर रबराची हवा भरलेली गादी. रबरी चाकांच्या बैलगाडीला आपल्याकडे 'डनलॉप' हेंच नांव पडलें. तिचें चाक जुन्या चाकाहून कितीतरी लहान. तरी बैलाचे कष्ट कमी झाले. कारण थोरपणाचें काम मऊपणानें उचललें. तेव्हां 'चाक केवढें' हा प्रश्न वस्तुतः दोन प्रश्नांचा आहे : लोखंड केवढें, आणि रबर केवढें?

याचें उत्तर टायरच्या अंगावरच छापलेलें असतें. पुतण्याच्या टायरवर '२१५/७५ आर १५' असें लिहिलें होतें. पहिला आंकडा टायरच्या रुंदीचा, २१५ मिलिमीटर. दुसरा सांगतो कीं, रबराच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा ७५ आहे. म्हणजे सुमारें १६१ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल, ज्याच्या आंतील धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात, तो प्रकार. मिशेलिन कंपनीनें त्याचा स्वामित्वाधिकार १९४६ सालीं घेतला. शेवटचा १५ हा रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचांत. ही सरमिसळ चमत्कारिक खरी, पण जगभर तीच रूढ आहे. पंधरा इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यांत वरची व खालची अशा रबराच्या दोन भिंती मिळवल्या कीं संपूर्ण चाकाचा व्यास ७०३.५ मिलिमीटर येतो.

आतां रिम एका इंचानें वाढवून सोळाची केली व रबर तेंच ठेवलें, तर व्यास सुमारें ७२९ मिलिमीटर होतो. व्यास एका इंचानें वाढला, म्हणजे गाडी जमिनीपासून उंचावली ती केवळ अर्धा इंच. आणि खड्ड्याचें काय? एक फूट, म्हणजे सुमारें ३० सेंटिमीटर रुंदीचा खड्डा घ्या. भूमितीच्या हिशेबानें पहिलें चाक त्यांत ३३.६ मिलिमीटर उतरतें, आणि दुसरें ३२.३. मूर्तिकारांना मी हा फरक सांगितला तेव्हां ते म्हणाले, "एक मिलिमीटर म्हणजे माझ्या कोरणीची एक रेघ." तेवढ्या रेघेसाठीं पुतण्या चार नवीं चाकें घेण्यास निघाला होता. याच खड्ड्यांत बारा इंची रिमची लहान मालगाडी सुमारें ४५ मिलिमीटर उतरते. तेव्हां गाडी निवडतांनाच बारा कीं पंधरा हा विचार अर्थपूर्ण आहे. पण पंधराची गाडी घेतल्यावर सोळाचा ध्यास धरणें यांत अर्थ थोडा.

उलट या वाढीची किंमत मात्र चुकवावी लागते. चाक शेंकडा साडेतीन मोठें झालें कीं इंजिनाची ओढ जवळपास तितकीच घटते, आणि खोपोलीवरून बोरघाट चढतांना भरल्या गाडीला तें जाणवतें. ब्रेकलाहि तितकाच जास्त जोर लावावा लागतो. वेगदर्शक कांटा ६० दाखवितो तेव्हां गाडी खरोखर ६२ च्या वेगानें धांवत असते. चाक वळतांना मडगार्डला घासूं लागलें तर तें निराळेंच.

पुतण्या हुशार होता. तो म्हणाला, "मग, मास्तर, व्यास तोच ठेवूं, रिम तेवढी सतराची घेऊं." तसें टायर मिळतात हें खरें. '२२५/६० आर १७' या टायरचा व्यास सुमारें ७०२ मिलिमीटर येतो. ब्रेक, ओढ व कांटा सर्व जवळजवळ पूर्ववत्. पण या सौद्यांत हरवलें काय, तें पाहा. रबराची भिंत १६१ वरून १३५ मिलिमीटरवर आली. लोखंड वाढलें तें गादी कापून वाढलें! खड्ड्याचा पहिला धक्का सोसते ती हीच भिंत. कमानपाट्यांची पाळी तिच्यानंतरची. शिवाय धक्का जोराचा बसला तर साधी पोलादी डिस्क वांकते व ती ठोकून सरळ करतां येते. हलक्या मिश्रधातूची चकचकीत रिम तडकण्याचा संभव अधिक. शहरांतील गुळगुळीत रस्त्यावर रुबाबासाठीं हें कोणी करो. परंतु ज्या महामार्गाचें पनवेल-इंदापूर रुंदीकरण २०११ सालीं सुरू होऊन वर्षानुवर्षें रेंगाळलें, त्यावरून भर पावसांत शाडूची मूर्ति नेणाऱ्यानें आपली गादी आपणच पातळ करावी, हें मला कांहीं सुज्ञपणाचें वाटलें नाहीं.

हें झालें पेणपुरतें. पण गाडीला रोह्याचेंहि पोट होतें, आणि तेथें प्रश्न उलटा होता. मूर्तींची गाडी जड नसते, नाजूक असते. पिंपांची गाडी नाजूक नसते, जड असते. जड मालासाठीं टायरवर आणखी एक आंकडा लिहिलेला असतो, आणि दुकानांत त्याची चौकशी क्वचितच कोणी करतो. तो भाराचा आंकडा. १०० असेल तर त्या टायरनें ८०० किलो भार सोसावा, १०४ असेल तर ९००, आणि १०९ असेल तर १,०३० किलो. समजा, भरलेल्या गाडीच्या मागील आंसावर १,९०० किलो भार आला. म्हणजे प्रत्येक चाकावर ९५०. तेथें १०४ चा टायर थिटा पडतो, १०९ चा पुरतो. दोन टायर बाहेरून सारखेच दिसतील, मापहि एकच असेल. पण नागोठण्याहून रोह्यास जातांना भिसे खिंडीच्या वळणावर, भरल्या गाडीखालीं, त्यांतला एक आपणांस दगा देऊं शकेल. मोटारगाडीसाठीं केलेले देखणे टायर मालगाडीस बसविण्यांत खरा धोका आहे तो हा.

रुंदीचाहि एक मोह असतो. रुंद टायर रस्ता अधिक धरून ठेवतो, असा समज आहे, आणि कोरड्या रस्त्यावर तो बराचसा खराहि आहे. पण आपल्याकडे चार महिने रस्ता कोरडा नसतो. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगूं लागतो; अरुंद टायर पाणी कापून खालचा रस्ता गांठतो. खारेपाटांतील वरवरच्या राडीचीहि तीच गोष्ट. तिच्याखालीं कठीण जमीन असेल, तर अरुंद चाक तेथवर पोंचतें. जेथें खालीं कठीण जमीनच नाहीं, तेथें कोणत्याहि मापाचें चाक उपयोगी नाहीं. तेथें गाडी न नेणें हाच उपाय.

कायद्याची बाजूहि विसरूं नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ तपशिलांशीं विसंगत असे बदल करण्यास मनाई करतें. अपघात झाल्यावर विम्याच्या वेळीं हीच गोष्ट पुढें येऊन उभी राहते. आणखी एक साधा व्यवहार पाहा. रात्रीं वडखळला किंवा कोलाडला टायर फुटला, तर जें माप सर्वांच्या गाड्यांना आहे तेंच दुकानांत मिळतें. चार चाकें एका मापाचीं आणि स्टेपनी दुसऱ्या मापाची, असली गाडी तर अर्धीच सज्ज म्हणावयाची.

म्हणून मीं निवाडा दिला तो असा. रिम गाडीबरोबर आली तीच ठेवावी. पैसे खर्चावयाचे तर ते रबरावर खर्चावे : मालगाडीसाठीं केलेला, भाराचा आंकडा पुरेसा असलेला, भिंत उंच असलेला टायर घ्यावा. तो ताजा आहे ना, हें पाहावें. टायरवरील चौकटींत चार अंक असतात. '२३२४' असें असेल तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत झाला, असें समजावें. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली म्हणजे टायर बाद. कोंकणच्या पावसांत तर त्याच्या कितीतरी आधीं. आणि हवा. रिकाम्या गाडीला किती व भरल्या गाडीला किती, हें निर्मात्यानें गाडीवर किंवा पुस्तिकेंत दिलेलें असतें. टायर थंड असतांना ती मोजावी. पिंपांसाठीं भरलेली हवा तशीच ठेवून वर हलक्या मूर्ती चढविल्या, तर गाडी प्रत्येक खड्ड्यावर उसळते. हवा कमी ठेवून पिंपें चढविलीं, तर टायर तापून फुटतो. पेणची हवा पेणला आणि रोह्याची रोह्याला, एवढा नेम पाळला तर गाडी दोन्हीं कामें करते.

पुतण्याला हें सारें लगेच आवडलें असें नाहीं. तरुण माणसाला आपल्या पहिल्या गाडीचें कौतुक असावें, त्यांत वावगें कांहीं नाहीं. पण तो हिशेब त्यानें कागदावर स्वतः पुनः करून पाहिला, आणि रिमचे पैसे मागच्या दोन चांगल्या टायरांत व हवा मोजण्याच्या एका लहानशा यंत्रांत घातले. आषाढांत पहिली खेप निघाली. भाताच्या पेंढ्यांत बसविलेल्या मूर्ती मुंबईस उतरल्या तेव्हां एकीचाहि कान दुखावला नव्हता. याचें श्रेय टायरांना किती, पेंढ्याला किती, आणि प्रत्येक खड्ड्यापाशीं वेग आंवरणाऱ्या पुतण्याच्या पायाला किती, हें मी सांगूं शकत नाहीं. बहुधा शेवटच्याला सर्वांत अधिक.

म्हातारबोवांच्या प्रश्नाचें उत्तर आतां देतों. चाक मोठें घेतल्यानें खड्डा लहान होत नाहीं. खड्डा आहे तेवढाच राहतो. त्याच्यावरून काय न्यावयाचें आहे हें आधीं ठरवावें, आणि मग चाकाकडे पाहावें. येत्या भाद्रपदांत आपल्या दारीं मूर्ति उतरेल तेव्हां तिच्या मुखाकडे तर आपण पाहालच. जमल्यास तिला घेऊन आलेल्या गाडीच्या टायरांकडेहि एकवार पाहावें, आणि चालकाला घोटभर चहा विचारावा.