मातीच्या भिंतींचे पुनरुज्जीवन

भंडारा जिल्ह्यातले जुने घर मातीच्या जाड भिंतींचे आणि कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, उतरत्या छपराचे. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा धानाचा मुलूख. मळणीनंतर उरलेले तणस मातीत मिसळायचे, पाणी घालून चिखल पायांनी तुडवायचा, मुरू द्यायचा आणि थरावर थर चढवत भिंत उभी करायची. खालचा थर वाळला की मगच वरचा. तणसामुळे वाळताना भिंतीला तडे कमी जातात. जाड भिंत उन्हाळ्याची झळ आत शिरू देत नाही. पाण्यापुढे मात्र तिचे काही चालत नाही. म्हणून छप्पर भिंतीच्या बरेच बाहेर काढतात आणि पावसाळ्याआधी कवेलू फेरतात.

मातीच्या घरांचे पुनरुज्जीवन इतरत्रही झाले. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत पाऊस थोडा, म्हणून तिथल्या प्वेब्लो लोकांच्या मातीच्या घरांना सपाट धाबे असते. विसाव्या शतकाच्या आरंभी वास्तुकारांनी या घरांच्या रूपावरून ‘प्वेब्लो पुनरुज्जीवन’ शैली घडवली. १९५७ मध्ये सांता फे शहराने जुन्या भागातील बांधकामासाठी अशा पारंपरिक रूपाचा नियमच केला. मात्र अनेक इमारतींत मातीचा रंग वरच्या गिलाव्यापुरता राहिला. आत विटा, लाकूड किंवा काँक्रीट आले.

विदर्भातले पुनरुज्जीवन वेगळ्या वाटेने गेले. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. पुढे हेच गाव सेवाग्राम झाले. तिथले ‘आदि निवास’ आणि गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांची झोपडी, म्हणजे पुढची ‘बापू कुटी’, माती, बांबू, लाकूड आणि कवेलू वापरून उभी राहिली. मीराबेन यांनी भिंतींवर मातीचीच उठावाची चित्रे काढली. घराचे साहित्य पाच मैलांच्या आत मिळावे, हा गांधीजींचा विचार वास्तुकार लॉरी बेकर यांनी आयुष्यभर जपला. वर्ध्यात देवेंद्र कुमार यांच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मातीची घरे आणि कुंभाराने घडवलेल्या शंकूच्या आकाराच्या कवेलूंचे छप्पर यांवर काम केले.

सेवाग्रामने मातीच्या घराचे रूप घेतले तसे त्यामागचे तंत्रही घेतले; तिथली भिंत खरोखर मातीची आहे. भंडाऱ्यातल्या घरांनाही हाच न्याय लागू पडतो. सिमेंटच्या भिंतीला मातीचा रंग दिल्याने ही परंपरा टिकणार नाही. माती पारखणे, चिखल मुरवणे, भिंत चढवणे आणि कवेलू फेरणे ही कामे पुढच्या पिढीच्या हातात गेली, तरच ती टिकेल.