विंबल्डनवर पहिला विजय मिळविणारी भारतकन्या

(ज्ञातिबांधवांच्या वार्षिक संमेलनात खंडाळा येथे दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून मी आजवर संतवाङ्मयावर नाही तर इतिहासावर बोलत आलो. यंदा टेनिसवर बोलणार म्हटल्यावर आपले चिटणीस क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. त्यांचे चुकले नाही. टेनिसची रॅकेट मी जन्मात हाती धरलेली नाही. परंतु ज्या बाईंविषयी आज बोलावयाचे आहे, त्यांचे घराणे आपल्यासारख्या पुस्तकी माणसांना परके नाही.

सायणभाष्यासह अथर्ववेदाचे संपादन करणारे, तुकोबांच्या गाथेची साक्षेपी आवृत्ती सिद्ध करणारे शंकर पांडुरंग पंडित हे नाव आपल्यातील अनेकांनी ऐकले असेल. १८९४ साली ते निवर्तले तेव्हा त्यांची कन्या क्षमा अवघी तीन वर्षांची होती. पुढे हीच कन्या पंडिता क्षमाबाई राव या नावाने संस्कृत कवयित्री म्हणून कीर्तीस चढली. महात्माजींच्या लढ्यावर तिने 'सत्याग्रहगीता' रचली. तुकाराम, ज्ञानेश्वर आणि आपल्या सज्जनगडाचे समर्थ रामदास यांची चरित्रेही संस्कृतात गायिली. आणि ही विदुषी टेनिसही खेळत असे! नुसते मनोरंजनासाठी नव्हे, तर स्पर्धांतून बक्षिसे मिळवीत असे. कालिदास आणि रॅकेट एका घरात सुखाने नांदू शकतात, हे मला फार उशिरा कळले.

या क्षमाबाईंची मुंबईत १९११ साली जन्मलेली कन्या म्हणजे लीला राव. १९३४ साली विंबल्डनच्या हिरवळीवर पहिल्या फेरीत त्यांची गाठ ग्लॅडिस साउथवेल या खेळाडूशी पडली. पहिला डाव लीलाबाईंनी ४-६ असा गमावला. दुसरा डाव सहा गेमांवर संपेना. बरोबरीचा निकाल झटपट लावण्याची आजची टायब्रेकची सोय तेव्हा नव्हती. ती विंबल्डनला १९७१ साली आली. तोवर दोन गेमांची आघाडी मिळेपर्यंत खेळतच राहावे लागे. तो डाव त्यांनी १०-८ असा खेचून आणला आणि तिसरा ६-२ असा जिंकला. विंबल्डनवर एकेरीचा सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. पुढच्या फेरीत फ्रान्सच्या ईडा अ‍ॅडमॉफ यांच्यापुढे त्या हरल्या. एकच विजय, असे कोणी म्हणेल. परंतु ग्रँड स्लॅम स्पर्धेच्या मुख्य फेरीत एकेरीचा सामना जिंकणारी यानंतरची भारतीय स्त्री म्हणून आपण ओळखतो त्या निरुपमा वैद्यनाथन. त्यांनी ऑस्ट्रेलियात तो जिंकला १९९८ साली. मधली चौसष्ट वर्षे मोजून पाहावी.

त्या काळी या खेळात पैसा नव्हता. मोठ्या स्पर्धा हौशी खेळाडूंच्याच असत; धंदेवाईकांना तेथे मज्जाव होता. तो १९६८ साली उठला, आणि त्या वर्षी विंबल्डनच्या विजेत्याला दोन हजार पौंड, तर विजेतीला साडेसातशे पौंड मिळाले. स्त्रीपुरुषांचे पारितोषिक सारखे होण्यास २००७ साल उजाडावे लागले. आपल्या सानिया मिर्झा, ज्यांचा जन्मही मुंबईचाच, व्यावसायिक खेळाडू म्हणून वीस वर्षे खेळल्या. सहा ग्रँड स्लॅम विजेतीपदे मिळवून २०२३ साली निवृत्त झाल्या. लीलाबाईंना असे काही लाभणे शक्यच नव्हते. तरीही रॅकेट खाली ठेवल्यावर त्या रिकाम्या बसल्या नाहीत. भारतीय नृत्यावर त्यांनी ग्रंथ लिहिले आणि आईच्या कथांवरून संस्कृत नाटिका रचल्या. पती हरीश्वर दयाळ नेपाळात आपले राजदूत होते. तेथेच १९६४ साली त्यांचे निधन झाले.

लीलाबाईंचे वडील मुंबईचे डॉक्टर, घर संपन्न. आपल्या शेतकरी-नोकरदार घरांशी त्यांची तुलना कशी व्हावी, असे आपण विचाराल. प्रश्न रास्त आहे. तथापि आपल्याच जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस शर्यतीत अंतिम फेरीपर्यंत धावली. मोहीस टेनिसची हिरवळ नाही; पुष्कळदा पाणीही नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती माझ्याच अंगावर येणारी आहे. मी शिक्षक असताना माझ्या वर्गात एक मुलगी होती. धावण्यात मुलांनाही मागे टाकी. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली. वडील शाळेत आले आणि मला म्हणाले, "गुरुजी, तुमचं काय म्हणणं? पाठवू का?" माझ्या एका होकारावर ती गेली असती. मी म्हणालो, "घरच्यांनी ठरवावं." दहावीची परीक्षा जवळ आली होती, मुक्काम परगावी होता, आणि उद्या काही बोल लागला तर तो आपल्यावर नको, एवढाच माझा विचार होता. ती गेली नाही. त्या वर्षी तिला गुण मात्र चांगले पडले, आणि आपल्याच मंडळाच्या गुणगौरव समारंभात मी तिच्या हाती बक्षीस दिले. तिने ते खाली मान घालून घेतले. सावित्रीबाईंचे नायगाव ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातला मी मास्तर.

आपला गुणगौरव गुणपत्रिका पाहून होतो. तो तसाच चालू राहावा. परंतु जिल्हा अथवा राज्य स्पर्धेस जाणाऱ्या ज्ञातीतील मुलींना प्रवासखर्च, आणि सोबत जाणाऱ्या आईचे तिकीट, मंडळाने द्यावे, अशी माझी सूचना आहे. आईचे तिकीट मी मुद्दाम म्हटले. या कामी एक हजार एक रुपये आज सकाळीच कोषाध्यक्षांकडे दिले आहेत. पावती अजून मिळावयाची आहे.