ऱ्होड्स शिष्यवृत्तीची निवड

शिष्यवृत्ति म्हटली कीं आपल्याकडे परीक्षेचे गुण डोळ्यांपुढें उभे राहतात. मॅट्रिकला संस्कृतांत सर्वांत अधिक गुण मिळविणारास जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळे. तेथें वादास जागाच नसे. ऑक्सफर्डच्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीचें तसें नाहीं, म्हणून आज तिच्याविषयीं बोलण्याचें योजिलें आहे.

सेसिल ऱ्होड्स १९०२ सालीं वारला. दक्षिण आफ्रिकेंतील हिऱ्यांच्या खाणींतून त्यानें अमाप संपत्ति मिळविली. त्याच्या कारकीर्दींत तेथील मूळ रहिवाशांच्या जमिनी कशा गेल्या, हें विसरून चालणार नाहीं. परंतु त्याचें मृत्युपत्र पाहतांना माझ्यासारख्या जुन्या पंतोजीस मोठी गंमत वाटते. या गृहस्थानें दोनशें गुणांचा तक्ताच मांडून ठेविला आहे! विद्याभ्यासास ६०, मैदानी खेळांस ४०, सत्यनिष्ठा, धैर्य, दुर्बळांविषयीं कणव इत्यादिकांस ६०, आणि शाळेंत दिसून आलेलें नैतिक बळ व पुढारीपण यांस ४०. पहिले गुण परीक्षेनें द्यावे, दुसरे व तिसरे सोबतच्या विद्यार्थ्यांनीं मतदानानें, आणि चवथे हेडमास्तरांनीं, अशी त्याची सूचना होती.

मुलांच्या सत्यनिष्ठेवर मुलांचेंच मत घ्यावें, ही कल्पना मला हास्यास्पद वाटत नाहीं. उसनी पेन्सिल कोण परत करीत नाहीं हें मास्तरांस ठाऊक नसतें. मागच्या बाकावरील मुलांस पक्कें ठाऊक असतें. ही मोजणी मात्र रूढ झाली नाहीं. काम निवडसमित्यांकडे गेलें. आज अर्ज, उमेदवाराचा स्वतःविषयींचा लेख व शिफारसपत्रें पाहून यादी आखूड करतात. मग प्राथमिक मुलाखत. शेवटच्या यादींतील उमेदवारांस समिती एका अनौपचारिक मेळाव्यांत भेटते, आणि नंतर अखेरची मुलाखत होते. परक्या थोरामोठ्यांशीं हातांत चहाचा पेला घेऊन बोलण्याची ज्याच्या घरीं रीत नाहीं, त्याला तो मेळावाच अधिक कठीण जात असावा. मृत्युपत्रानें मुलींना वाट ठेविली नव्हती. १९७७ पासून त्याही निवडल्या जातात. माथेरानला जन्मलेले व धारवाडच्या कर्नाटक कॉलेजांत गणित आणि संख्याशास्त्र शिकलेले गिरीश कर्नाड १९६० सालीं याच शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले.

माझें मन अडतें तें शिफारसपत्रापाशीं. मास्तरकींत मीं अशीं पत्रें शेकड्यांनीं लिहिलीं. ‘सुशील, अभ्यासू, आज्ञाधारक’ हे तीन शब्द ठरलेलेच! एका लहानशा स्थानिक शिष्यवृत्तीसाठीं एका मुलास मीं असेंच पत्र दिलें. तो पहाटे वर्तमानपत्रें वांटून शाळेंत येई, आणि सायंकाळीं शेजारच्या अंध वृद्धास तींच वाचून दाखवी. हें मला ठाऊक होतें. पत्रांत घालण्याजोगें मात्र वाटलें नाहीं. निवड दुसऱ्याची झाली. पुढें समितींतील एका सभासदांनीं मला सहज विचारलें, “मास्तर, त्या मुलांत आपणांस विशेष असें कांहींच आढळलें नाहीं काय?” मला उत्तर देतां आलें नाहीं.

तेव्हांपासून पत्र लिहिण्यापूर्वीं मी मुलास समोर बसवून घेऊं लागलों. घरीं कोण आहे, शाळा सुटल्यावर काय करतोस, असें विचारूं लागलों. पत्रें लांबत, आणि हेडमास्तर कुरकुरत.