शेवटच्या गायनापर्यंत

(एका माध्यमिक विद्यालयाच्या संगीतसभेत मध्यंतरात केलेले भाषण)



गतवर्षी याच सभागृहात माझ्या नातीचे समूहगीत संपले आणि मी उठलो. माझ्याबरोबर निम्मे सभागृह उठले. वाटेत नातीने विचारले, "आजोबा, माझी मैत्रीण शेवटी गाणार होती. तिचे गाणे कोण ऐकणार?" मला उत्तर देता आले नाही.

५ मे १९०१ रोजी पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. तोवर रागसंगीताचे शिक्षण प्रामुख्याने दरबारांच्या आणि घराण्यांच्या आश्रयाने चाले. पंडितजींनी ते सामान्य घरांतील मुलांसाठी वर्गात आणले. वर्गातून सारेच तानसेन निघत नाहीत. कानसेन मात्र घडू शकतात. पण आपण पालकच उठून गेलो, तर मुलांनी ऐकणे कुणाकडून शिकावे?

मध्यंतरानंतर नववीतील एक विद्यार्थिनी भूप गाणार आहे. भूपात मध्यम व निषाद वर्ज्य. उरतात पाचच स्वर. राग सोपा वाटतो, परंतु गांधार किंचित ढळला तरी झाकायला जागा नाही. अशा वेळी समोर रिकाम्या खुर्च्या दिसल्या, तर त्या मुलीने धीर कोठून आणावा?

ज्यांची लहान मुले पेंगुळली आहेत, त्यांनी अवश्य जावे. इतरांनी अर्धा तास थांबावे, ही विनंती. भ्रमणध्वनी खिशातच असू द्यावेत.

माझी नात यंदा गात नाही. तरीही आम्ही दोघे पहिल्या रांगेत बसलो आहोत.