विजेची मोटार आणि रबराची झीज
बंगळूरमध्ये ‘रेवा’ ही विजेची चिमुकली मोटार २००१ साली विक्रीस आली. तिची धाव माफक होती. आज त्याच रस्त्यांवर दोन टनांच्या, क्षणार्धात झेपावणाऱ्या विजेच्या मोटारी दिसतात. धूर नाही, इंजिनाचा आवाज नाही. मग झीज ती कसली, असे मालकास वाटावे. ती असते टायरांत. विजेची मोटर पहिल्याच क्षणी सारा जोर चाकांवर टाकते. वर बॅटरीचे ओझे असतेच. वेग आवरतानाही तीच चाके मोटर फिरवून वीज परत मिळवतात. त्यामुळे ब्रेक वाचतात, पण रबर घासले जाते आणि मोटर जोडलेली चाके बहुधा आधी गुळगुळीत होतात.

सर्व ऋतूंचे म्हणवणारे टायर म्हणजे एक तडजोड. बंगळूरला बर्फ नाही. पाऊस मात्र नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो. नव्या टायरच्या सुमारे आठ मिलीमीटर खोल खाचा पाणी बाहेर सारतात. कायदा १.६ मिलीमीटरपर्यंत मुभा देतो. भर पावसात तेवढ्यावर विसंबणे धाडसाचेच.

आणि झिजलेले रबर जाते कोठे? वॉशिंग्टन राज्यातील ओढ्यांत सामन मासे मरत होते. त्याचे कारण २०२० साली टायरमधील एका रसायनात सापडले. बंगळूरच्या रस्त्यांवरचे पाणीही अखेर तळ्यांकडेच वाहते.